भूक मारणं आणि भूक भागणं

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, धाराशिव
यांना,

परिपाठ चालू असताना रांगेतलं एखादं लेकरू हळूच खाली बसायचं. मी जवळ जाऊन त्याचं कपाळ पुसायची आणि विचारायची, "काय खाऊन आलास?" उत्तर बहुधा एकच असायचं, "च्या पिऊन आलो की, बाई." चहाबरोबर कधी एखादं बटर असे, कधी रात्रीच्या पोळीचा तुकडा चहात बुडवलेला. पुष्कळदा नुसताच चहा. "आई भाकर देत नव्हती का?" "देत होती. भूक नव्हती." लेकरू खोटं बोलत नव्हतं. सकाळी सातला त्याची भूक खरोखरच मेलेली असायची. दहा वाजता मात्र पाय लटपटायचे.

कळंब आणि वाशी तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 31 वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे, धाराशिवला राहते. हे पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, त्याला कारण आहे. गावातली शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र या तिन्हींचे कागद ज्या एका टेबलावर येतात ते आपलं आहे. मला जे सांगायचं आहे ते या तिन्ही ठिकाणी थोडं थोडं दिसतं. एकत्र असं कुठेच दिसत नाही.

आपल्या बोलीत भुकेसाठीची क्रियापदं फार नेमकी आहेत. पिठलं-भाकरीनं भूक भागते. चहानं भूक मरते. आणि एखादा पदार्थ जिभेला लागला की भूक चाळवते. साखर आणि साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या आपल्या भुकेचं काय करतात, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत गेली चाळीस वर्षं काम चाललं आहे. ते वाचताना मला राहून राहून वाटतं, की या तीन शब्दांत त्यातलं बरंचसं आधीच सांगून झालेलं आहे.

सुरुवात चहाच्या पातेल्यापासून करते. आपल्याकडे साखर कपात पडत नाही, आधणातच पडते. पाण्यात साखर, मग पत्ती, मग दूध. त्यामुळे पिणाऱ्याला आपण किती साखर घेतली हे कधीच कळत नाही. करणारीलाही नेमकं कळत नाही, कारण तिचं माप मुठीचं असतं. पाचवीच्या वर्गात मी एक गणित द्यायची. घरी महिन्याला साखर किती किलो लागते ते आईला विचारून या, घरातली माणसं मोजा आणि भागाकार करा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर लागत असेल, तर माणशी रोजची 33 ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे प्रौढ माणसाला साधारण 50 ग्रॅम, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे 25 ग्रॅम, सहा चमचे. आमच्या गणितातलं घर घरच्या घरीच पंचवीसच्या पुढे गेलेलं असायचं. हॉटेलातला, बाजारातला, पाहुण्यांकडचा, सोसायटीतला चहा त्या भागाकारात धरलेलाच नसे.

आता त्या 50 ग्रॅम साखरेचा हिशेब बघा. त्यातून 200 कॅलरी मिळतात. साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरीही साधारण तेवढ्याच कॅलरी देते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार ज्वारीत शेकडा दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि तेवढाच चोथा असतो, म्हणजे त्या एका भाकरीतून सहा ग्रॅम प्रथिनं आणि सहा ग्रॅम चोथा पोटात जातो. साखरेतून दोन्ही शून्य. भाकरी चावावी लागते, तिला वेळ लागतो, पोट ताणलं जातं, आतड्यातून मेंदूला निरोप जातो की अन्न आलं, आता पुरे. चहा मात्र चार घोटांत संपतो.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात डिमेग्लिओ आणि मॅटिस यांनी 2000 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा माणसांना रोज 450 कॅलरींची साखर जास्तीची दिली. चार आठवडे ती चघळायच्या गोड गोळ्यांतून दिली आणि चार आठवडे गोड पेयातून. गोळ्या खाण्याच्या दिवसांत त्या माणसांनी बाकीचं खाणं आपोआप तेवढंच कमी केलं. पेयाच्या दिवसांत काहीच कमी केलं नाही आणि वजन वाढलं. साखर तीच होती, माणसंही तीच होती. द्रवातून आलेल्या साखरेचा हिशेब शरीरानं धरलाच नाही.

इथे कुणी म्हणेल, की चहानं भूक मरते हा तर आपला रोजचा अनुभव. तोही खरा आहे. साखरेचं पाणी प्यायल्यावर तासाभरात जेवायला बसलं तर जेवण थोडं कमी जातं, असं प्रयोगांतही दिसतं. रक्तातली साखर वर जाते, इन्शुलिन येतं, भूक मागे सरते. पण हा परिणाम थोड्या वेळाचा असतो. सकाळी घाईत असलेल्या लेकराच्या बाबतीत मात्र तेवढा थोडा वेळ पुरेसा ठरतो. त्या तासात भाकरी टळते. टळलेली भाकरी नंतर कुणी वाढत नाही. मोठ्या माणसाचं उलटं होतं. त्याचा पाचवा-सहावा चहा जेवणाच्या जागी येत नाही, जेवणाच्या वर येतो. मी अशी घरं पाहिली आहेत जिथं नातू अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदीत मागे आहे आणि आजोबांना शुगर आहे, आणि दोघांसाठी चहा एकाच पातेल्यात उकळतो. आपल्याकडे पहिला कागद महिला व बालकल्याण विभागातून येतो, दुसरा आरोग्य विभागातून. त्यामुळे हे दोघे एकाच ओसरीवर बसलेले आहेत, हे कागदावरून कळायला मार्ग नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे नातं फार आधी ओळखलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ही बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक होते, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. याज्ञिकांनी त्यांना बारीक दिसणारी पण आतून स्थूल बाळं म्हटलं. अशा अंगाच्या माणसाला पुढे भरपूर साखर मिळाली, तर मधुमेहाला वजन सुटण्याची वाटही बघावी लागत नाही. म्हणून आपल्या गावातला सडपातळ शेतकरी "मला कशी शुगर होईल?" म्हणतो तेव्हा मला भीती वाटते. देशात मधुमेहाची 10 कोटींवर माणसं आहेत, असं आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून 2023 साली पुढे आलं. त्यात अशी सडपातळ माणसं थोडी नाहीत.

भूक मारायची ही सवय आपल्याला हौसेनं लागलेली नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, खडी फोडणाऱ्या बाया, लाल मिलोच्या भाकरी, लेकरांना मिळणारी सुकडी, हे सगळं मला आठवतं. आईनं घरातली भाकरी आमच्यात वाटायची आणि स्वतः गुळाचा काळा चहा प्यायचा, हेही आठवतं. "माझी भूक मेली," म्हणायची. त्या वेळी चहा हे भूक मारायचं औषध होतं. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतली बाई पहाटे तीनला उठून आधी चहाच टाकते. फडात भाकरी सुटेपर्यंत उन्हं चढलेली असतात. तिनं तोडलेल्या उसाचीच साखर तिच्या चहात असते, आणि तो चहा तिला चार तास मोळ्या वाहायला लावतो. तिला मी आहाराचा उपदेश करणार नाही. तिच्या लेकराला शाळेत सकाळी काय मिळतं, एवढंच मी आपल्याला विचारते.

साखरेशी या जिल्ह्याचं नातं पोटाशी बांधलेलं आहे, हे मला पुरतं ठाऊक आहे. ढोकीचा तेरणा कारखाना कित्येक वर्षं बंद राहिला, तेव्हा आसपासच्या गावांचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला आनंद आहे, आणि तिथल्या पेढ्याशी माझं काही भांडण नाही. पेढा आपण मोजून खातो. देवीला ठेवतो, एक उचलतो, हात धुतो. तो खाल्ला हे लक्षात राहतं. पातेल्यात विरघळलेली साखर मोजायला कुणी बसत नाही, आणि माझी तक्रार तिच्याबद्दल आहे.

गुळाच्या चहाबद्दलही इथेच सांगून टाकते, कारण अलीकडे त्याची दुकानं चौकाचौकांत झाली आहेत आणि शुगर असलेली माणसं तिथं निर्धास्तपणे बसतात. गुळात थोडी खनिजं असतात, चव निराळी असते, पण गूळ बहुतांशी साखरच. रक्तातल्या साखरेला तो ओळखीचाच पाहुणा आहे.

आता गोळ्यांकडे येते. माझ्या थोरल्या भावाला, आण्णांना, मधुमेह निघाला तेव्हा कुणीतरी त्यांना चहात टाकायच्या गोळ्यांची छोटी डबी आणून दिली. आण्णांचा चहा आधी पाच कप होता, तो आठ कपांवर गेला. "आता काय, गोळीचा चहा आहे," म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत जिलेबी घेताना म्हणायचे, "चहाची साखर वाचली की." त्यांच्या मनानं एक वही उघडली होती. वाचलेली साखर तिच्यात जमेला लागायची आणि दुपारी खर्ची पडायची. वर्षभरानं त्यांची तपासणी जिथल्या तिथंच होती. मी त्यांना दोष देत नाही. डबी देणाऱ्यानं ती कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे सांगितलंच नव्हतं.

या गोळ्यांतल्या सुक्रॅलोजचा जन्मही एका ऐकण्यातल्या चुकीतून झाला. 1976 साली लंडनमधल्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक साखरेच्या रेणूवर क्लोरिन बसवण्याचं काम करत होते. त्यांना एका भुकटीची परीक्षा करायला सांगितलं गेलं. इंग्रजीतले परीक्षा आणि चव हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात. आपण तर दोन्हींना टेस्टच म्हणतो. फडणीसांनी भुकटी जिभेवर ठेवली. ती साखरेच्या सुमारे 600 पट गोड होती. त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी, 1879 मध्ये, सॅकरिन असंच अचानक सापडलं होतं. आमच्या लहानपणी गारेगार खाताना जिभेच्या मागे राहणारी कडसर गोडी सॅकरिनची, असं मोठी माणसं सांगायची.

जीभ गोड म्हणाली आणि पोटात मात्र साखर आलीच नाही, तर भुकेचं काय होतं? यावर एकमत नाही, आणि ते तसंच आपल्यापुढे ठेवते. ब्रिटनमधले ब्लंडेल आणि हिल यांनी 1986 साली लिहिलं, की अस्पार्टेमचं पाणी प्यायल्यावर माणसांना भूक शमण्याऐवजी चाळवल्यासारखी वाटली. मग पुष्कळ प्रयोग झाले, काहींत तसं दिसलं, काहींत नाही. 2025 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 75 तरुणांना वेगवेगळ्या दिवशी सुक्रॅलोजचं पेय, साखरेचं पेय आणि साधं पाणी देऊन त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. सुक्रॅलोजनंतर मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागातला रक्तप्रवाह वाढला, आणि साखरेच्या तुलनेत भूकही जास्त लागली. साखरेनंतर रक्तात जे निरोप जातात ते सुक्रॅलोजनंतर गेले नाहीत. हा दोन तासांचा प्रयोग आहे. वर्षभराच्या खाण्याबद्दल त्यावरून बोलता येणार नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे आणि तो लपवणं मला बरोबर वाटत नाही. नेदरलँड्समध्ये 641 शाळकरी मुलांना दीड वर्ष रोज पाव लिटर पेय दिलं. निम्म्यांना साखरेचं, निम्म्यांना बिनसाखरेचं पण तितकंच गोड. कुणाला कुठलं हे मुलांना कळू दिलं नाही. 2012 मध्ये निकाल आला. बिनसाखरेच्या मुलांचं वजन साखरेच्या मुलांपेक्षा सरासरी एक किलो कमी वाढलं. म्हणजे वाचलेली साखर मुलांनी दुसरीकडून पूर्ण भरून काढली नाही. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं 2024 साली मधुमेहाच्या 179 रुग्णांवर केलेला अभ्यास तर थेट आपल्या पातेल्याचाच आहे. चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी बारा आठवडे सुक्रॅलोज दिलं. वजन आणि कंबर थोडी उतरली. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या रक्ततपासणीत मात्र लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही.

मग जागतिक आरोग्य संघटनेनं मे 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोड्या वापरू नका, असं का सांगितलं? त्यांनी 283 अभ्यास तपासले. थोड्या महिन्यांच्या प्रयोगांत वजन पाऊण किलोच्या आसपास उतरलेलं दिसलं. पण वर्षानुवर्षं माणसांच्या मागावर राहिलेल्या अभ्यासांत, या गोड्या वापरणाऱ्यांत लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. यात एक गाठ आहे. ज्याचं वजन आधीच वाढतंय तोच बिनसाखरेचं पेय उचलतो. तेव्हा गोळीमुळे वजन वाढलं की वाढत्या वजनामुळे गोळी आली, हे सोडवणं अवघड. म्हणूनच संघटनेनं आपली शिफारस सशर्त ठेवली, आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही हेही स्पष्ट म्हटलं. ही शेवटची ओळ आपल्याकडे कुणी वाचली नाही. मोबाइलवर फिरला तो नुसता "गोळ्या वाईट" असा निरोप, आणि माझ्या ओळखीच्या दोन मधुमेही बायका गोळ्या टाकून पुन्हा दोन चमचे साखरेवर आल्या.

हे सगळं वाचून माझं मत असं झालं आहे. ज्याला मधुमेह आहे आणि ज्याला आठ गोड चहांवरून एकदम फिक्यावर येता येत नाही, त्यानं डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, मोजून घ्यावी, आणि वाचलेल्या साखरेची वही बंद ठेवावी. ज्याला मधुमेह नाही त्यानं गोळीच्या वाटेला जाऊच नये. त्यानं गोडीच उतरवावी. लेकरांना तर गोळीची किंवा बाटलीतली गोडी मुळीच लावू नये. लेकराची जीभ आत्ता घडते आहे. गोड कशाला म्हणायचं हे तिला पेरूनं, उसाच्या कांड्यानं, शेंगदाण्याबरोबरच्या गुळाच्या खड्यानं शिकवावं. जीभ शिकते, हे मी स्वतःवरून सांगते. दर आठवड्याला मुठीतून चिमूटभर साखर कमी करत गेले. अकराव्या आठवड्यात एका लग्नघरचा चहा मला पाकासारखा लागला.

शाळेभोवतीच्या दुकानांतल्या बाटल्यांचा विषय वेगळा आहे आणि तो मला जास्त टोचतो. दहा-वीस रुपयांत थंड बाटली मिळते. चौथीतलं पोर ती घेतं, कारण तेवढे पैसे त्याच्याजवळ असतात. साखरेच्या पेयाच्या 300 मिलिलिटरमध्ये तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, सात-साडेसात चमचे. अलीकडे काही बाटल्यांत साखर थोडी कमी आणि वरून कृत्रिम गोडी असते. वेष्टणावर बारीक अक्षरांत 950, 951, 954, 955, 960 असे आकडे असतात. अनुक्रमे असेसल्फेम, अस्पार्टेम, सॅकरिन, सुक्रॅलोज आणि स्टीव्हिया. पालकांना ते कळत नाहीत. पण पाचवीतल्या मुलांना पाच आकडे पाठ करायला किती वेळ लागतो? माझ्या वर्गानं एका तासात केले आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानांतली वेष्टणं गोळा करून आणली. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. जिल्ह्यातल्या किती शाळांच्या फाटकाबाहेर टेप धरून हे अंतर मोजलं गेलं, ते आपण गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारावं, ही माझी विनंती आहे.

मे 2025 मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना साखर फलक लावायला सांगितलं. कुठल्या पदार्थात किती साखर हे मुलांना दिसेल असा फलक. ते फर्मान त्या शाळांपुरतं होतं. आपल्या शाळांतही तो लागावा असं मला फार वाटतं, पण छापून आलेला नको. छापील फलकावर परदेशी पेयांच्या बाटल्यांची चित्रं येतील आणि आमच्या लेकराला वाटेल, हे आपल्यासाठी नाही. फलक मुलांनी करावा. आपल्याच गावातल्या हॉटेलातला चहा, टपरीवरची बाटली, बाजारातलं बिस्किटाचं पुडकं आणि त्याच्यापुढे खडूनं काढलेले चमचे. शेजारी त्याच पैशांत मिळणारे फुटाणे आणि शेंगदाणे. मूठभर शेंगदाण्यात पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि ते खाल्ल्यावर पुढचं खाणं आपसूक कमी जातं, हेही त्याच पर्ड्यूच्या मॅटिस यांनी तपासलेलं आहे.

आता अंडं. 2025 च्या जानेवारीत राज्य शासनानं शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठी आणि साखरेसाठी वेगळा पैसा देणं थांबवलं आणि ते लोकसहभागातून करावं असं सांगितलं. साखर गेली त्याचं मला दुःख नाही. पण अंडं आणि साखर एकाच ओळीत लिहून एकाच रेघेनं खोडली, हे मला सहन होत नाही. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. ते भूक भागवतं. आठवड्यातून एक अंडं मिळायचं त्या दिवशी हजेरी किती असायची, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. ऊसतोडीला आईबाप गेलेल्या गावांत लोकसहभाग कुठून येणार? सेस फंडातून, निदान स्थलांतराच्या महिन्यांत, निदान ज्या गावांतून टोळ्या जातात तेवढ्या गावांत अंडं देता येईल. जे अंडं खात नाहीत त्यांना शेंगदाणे-फुटाणे. आणि ते परिपाठाच्या आधी द्यावं, दुपारच्या खिचडीबरोबर नको. ज्या वेळी लेकराची मेलेली भूक पुन्हा डोकं वर काढते ती वेळ धरायला हवी.

आशाताई घरोघर जाऊन तिशीवरच्या माणसांचा, आजारांचा धोका तपासणारा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह-रक्तदाब आहे का, हे सगळं विचारतात. माणूस काय खातो-पितो याचा प्रश्न त्या गुणांकनात नाही. फॉर्म केंद्राचा आहे, तो आपल्याला बदलता येणार नाही हे मला माहीत आहे. पण तोंडी एक प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही: दिवसाला किती चहा आणि महिन्याला घरात किती साखर? आशाताईच्या वहीच्या समासात हे दोन आकडे लिहिले गेले, तर वर्षभरात या जिल्ह्याबद्दल कुठल्याही संस्थेकडे नसलेली माहिती आपल्याकडे असेल. आपला जिल्हा 2018 पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकडे भरण्याची सवय आपल्या माणसांना चांगलीच झालेली आहे.

गरोदर बाईच्या घरी तर हा प्रश्न आवर्जून विचारायला हवा. ब्रिटनमध्ये महायुद्धापासून साखरेचं रेशनिंग होतं. ते सप्टेंबर 1953 मध्ये उठलं. त्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर पोटात असलेल्या मुलांची पुढे पन्नाशी ओलांडल्यावर तुलना झाली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आयुष्याचे पहिले हजार दिवस कमी साखरेत गेलेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी कमी आढळला, रक्तदाबाचा सुमारे 20 टक्क्यांनी. आपल्या अंगणवाडीताई पहिल्या हजार दिवसांबद्दल रोज बोलतात. त्या बोलण्यात लोह आहे, लस आहे, स्तनपान आहे. बाळाला बशीत चहा फुंकून पाजू नका, हेही त्यात असावं. तो पाजला जातो. मी आज्यांच्या मांडीवर पाहिला आहे, आणि आजी मायेनंच पाजते.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आपण सगळेच शेतात असतो. आपणही या जिल्ह्यात आल्यापासून एकदा तरी कुणाच्या शेतावर जेवला असाल. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबट अंबील. त्या दिवशी लेकरं किती जेवतात, आणि जेवल्यावर संध्याकाळपर्यंत कशी काही मागत नाहीत, ते बघण्यासारखं असतं. खीर गोड असतेच, पण ती डाळींच्या आणि भाज्यांच्या ढिगाशेजारी एका वाटीत असते. त्या दिवशी कुठलंही पोर माझ्यापुढे पाय लटपटून बसलेलं मला आठवत नाही.

एक सूचना आपल्या स्वतःच्या कार्यालयासाठी. जिल्हा परिषदेत सभा असली की चहा येतो, आणि तो आधीच गोड असतो. ज्यांना शुगर आहे ते लाजेनं तसाच पितात, नाहीतर कप तसाच ठेवतात. आपल्या सभेत चहा फिका यावा आणि साखर बाजूला, चमच्यासह. ज्याला हवी त्यानं घालून घ्यावी. पाहुण्याला फिका चहा देणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. त्यामुळे ही सुरुवात गरिबाच्या घरून होणार नाही, ती साहेबांच्या टेबलावरूनच व्हावी लागेल. तिथं झाली की पंचायत समितीत होईल, मग शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, मग हळूहळू घरी.

माझ्याकडे पाच किलोपर्यंतचा एक तराजू आहे, शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेला. साखर फलक करायला ज्या शाळेला मदत हवी असेल तिथं मी स्वतःच्या खर्चानं येईन. कळंब आणि वाशी तालुक्यांपासून सुरुवात करता येईल, तिथले रस्ते आणि मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे आहेत. फक्त वेळ परिपाठाची ठेवा. मला रांगेत उभं राहून आधी एवढंच विचारायचं आहे, की आज कोण काय खाऊन आलं आहे.

आपली,
जिल्हा परिषदेची एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
धाराशिव